रुग्णालयाचा दूरध्वनी कोणाचा?

ग्रामीण रुग्णालयातून अत्यवस्थ रुग्ण मध्यरात्री जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावयाचा असतो, तेव्हा पहिला प्रश्न वैद्यकशास्त्राचा नसतो. तिकडे कोणत्या क्रमांकावर कळवावे, हा असतो. यादीतील क्रमांक बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा खाजगी क्रमांक निघाला, तर त्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच आरोग्यसंस्थांचे पत्ते व दूरध्वनी यांची नोंद हे कारकुनी काम मानणे योग्य नव्हे.

देशात आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीची संगणकीय व्यवस्था आज आकार घेत आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी घोषित झालेली योजना २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर राबविली जाऊ लागली. सरकारी व खाजगी रुग्णालये, प्रयोगशाळा, औषधालये यांची एक नोंदवही तिच्या पायाशी आहे. नोंद झालेल्या प्रत्येक संस्थेस स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. संदेशांच्या रचनेसाठी ‘एचएल-सेव्हन’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ‘फायर’ हे मानक स्वीकारले असून, त्याचे भारतीय रूप पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र प्रसिद्ध करते.

ओळखक्रमांकाची गरज महाराष्ट्राला वेगळी सांगावयास नको. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे बदलली. त्याच वर्षी केंद्राने आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यकेंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव दिले. नावाने शोधणारा संगणक एकाच केंद्राला दोन केंद्रे समजेल. क्रमांकाने शोधणारा फसणार नाही.

दूरध्वनीची गोष्ट अशीच. एकच क्रमांक कोणी आरंभी शून्य लावून लिहितो, कोणी अधिक चिन्ह व ९१ लिहून, तर कोणी शहराचा संकेतांक कंसात घालून. माणूस ते ओळखतो. संगणकाला तीन निरनिराळे क्रमांक दिसतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने देशाच्या संकेतांकासह जास्तीत जास्त १५ अंकांची रचना ठरवून दिली आहे. तीच सर्वत्र पाळली, तर हा घोटाळा टळेल. ‘फायर’ मानक याच्याही पुढे जाते. क्रमांक दूरध्वनीचा की ईमेलचा पत्ता, तो कार्यालयीन, तात्पुरता की जुना, कोणत्या मुदतीत लागू आणि अनेकांपैकी आधी कोणता वापरावा, हे सारे त्यात नोंदविता येते. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत तर संपर्काचा हेतू, व्यक्तीचे नाव, क्रमांक व पत्ता एकत्र नोंदविण्याची सोय झाली. अपघात विभाग, रक्तपेढी व देयक विभाग यांना एकाच क्रमांकावर कोंबण्याचे मग कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरवाजवी नाही. आरोग्यसेविका व लिपिक आधीच नोंदवह्यांच्या ओझ्याखाली वाकले आहेत. त्यांत आणखी एकीची भर कशाला? परंतु उत्तर या आक्षेपातच आहे. तीच माहिती आज निरनिराळ्या तक्त्यांत पुनःपुन्हा भरावी लागते, ती प्रमाण रचनेच्या अभावी. एका ठिकाणी एकदा भरलेली नोंद सर्वांनी वापरावी, हाच प्रमाणीकरणाचा हेतू आहे. तो साधला नाही, तर नवी नोंदवही म्हणजे नवा जाच ठरेल.

मानक मात्र रकाना देते, त्यातील सत्याची हमी देत नाही. त्यासाठी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. क्रमांक व्यक्तीचा नसून पदाचा असावा, म्हणजे बदलीबरोबर तो गावाबाहेर जाणार नाही. प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या पडताळणीची तारीख असावी. आणि ठराविक काळाने प्रत्येक क्रमांक फिरवून पाहण्याची जबाबदारी जिल्ह्यातील एका निश्चित अधिकाऱ्यावर टाकावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, शिस्त लागते. रुग्णाचा अहवाल क्षणार्धात दुसऱ्या शहरात पोहोचविणाऱ्या व्यवस्थेला तिथला दूरध्वनी कोण उचलतो हे ठाऊक नसेल, तर तिच्या वेगाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.