दुसरी प्रत

२९ डिसेंबर १८१२. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा' हे ब्रिटिश फ्रिगेट आणि अमेरिकेचं 'कॉन्स्टिट्यूशन' समोरासमोर आली. काही तासांत 'जावा'च्या डोलकाठ्या कोसळल्या. जहाज इतकं मोडलं की ओढून नेण्यात अर्थ उरला नाही, म्हणून अमेरिकनांनी ते पेटवून दिलं. 'जावा' निघालं होतं मुंबईकडे. मुंबईच्या गोदीतल्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे त्यावर होते, आणि तिथे बांधायच्या एका नव्या फ्रिगेटचे नकाशेही. सगळं गेलं.

पण त्याच आराखड्यावर इंग्लंडात आधीच जहाजं बांधून झाली होती. मूळ आराखडा सुरक्षित होता, म्हणून नकाशांचा दुसरा संच मुंबईला येऊ शकला. १८१६ मध्ये गोदीतले जहाजबांधणीकार जमशेटजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी सागवानी 'ट्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे, आणि अजून तरंगत असलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून ओळखलं जातं.

गेली तीन वर्षं मी याच जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधतो आहे. प्रमाण १:६४, म्हणजे सुमारे दीडशे फुटी तोफांचा डेक माझ्या टेबलावर सत्तर-बहात्तर सेंटिमीटरमध्ये मावतो. हा छंद एकांताचा आहे असं बघणाऱ्याला वाटतं. एक दिवा, एक चिमटा, वाकलेली मान. मलाही तसंच वाटत होतं, पहिल्या आठ पट्ट्या चिकटवेपर्यंत.

जहाजाचं पोट मध्यभागी फुगीर आणि नाळेपाशी निमुळतं असतं. फळ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढीच. याचा अर्थ प्रत्येक फळी पुढे जाताना अरुंद होत गेली पाहिजे. मधल्या फासळीवर पाच मिलिमीटरची असलेली पट्टी नाळेपाशी तीनवर यायला हवी. मी सगळ्या पट्ट्या सरळसोट पाचच्याच ठेवल्या आणि दाबून दाबून बसवल्या. आठव्या पट्टीला त्या एकमेकींवर चढू लागल्या. नाळेपाशी खवल्यांसारखा उंचवटा दिसायला लागला.

आमच्या ओळखीतले एक काका आयुष्यभर गोदीत सुतारकाम करून निवृत्त झालेले. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, जोर लावून आज बसवशील, पावसाळ्यात उठेल ती. काढू या सगळ्या."

रविवारची अख्खी दुपार आम्ही त्या आठ पट्ट्या काढत बसलो. स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश फेव्हिकॉलच्या सांध्यावरून फिरवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग पातळ पातं आत सरकवायचं. पट्ट्या सुटल्यावर काकांनी कागदाची एक चिंधी मधल्या फासळीभोवती कण्यापर्यंत गुंडाळली, खूण केली आणि ती लांबी फळ्यांच्या संख्येने भागली. मग तेच पुढच्या फासळीवर. प्रत्येक ठिकाणी फळी किती रुंद हवी ते कागदच सांगत गेला. पट्टी तासायची, गरम पाण्यात भिजवायची, तापलेल्या नळीवर हळूहळू वळवायची. संध्याकाळी नवी पहिली पट्टी बसली तेव्हा क्लिपा काढल्या तरी ती जागेवरून हलली नाही. काकांनी चहा घेतला आणि जाताना ती कागदाची चिंधी माझ्या वहीत ठेवायला लावली. "पुढच्या माणसाला दाखवायला होईल."

या छंदाचा इतिहास चाळू लागलो तसे हेच शब्द मला जागोजागी भेटले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या आणि नेपोलियनच्या युद्धांतले हजारो फ्रेंच कैदी १७९७ पासून पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत होते. शिध्यात मिळालेल्या मांसाची हाडं उकळून, घासून त्यांनी जहाजं घडवली. हाडाच्या चिपेच्या फळ्या, केसांचे किंवा रेशमाचे दोर. छावणीच्या दारापाशी भरणाऱ्या बाजारात ती विकली जात. पीटरबरोच्या संग्रहालयात ही कलाकुसर आजही ठेवलेली आहे. एवढं काम एका हाताने होत नाही. कैद्यांमध्ये खलाशी होते तसे सुतार आणि कोरीवकाम जाणणारेही होते. जहाज आठवणारा एक आणि ते कोरणारा दुसरा, अशी जोडणी तुरुंगातच जमली.

विसाव्या शतकात हा छंद घरोघरी गेला तो लिहून ठेवणाऱ्यांमुळे. शिडाच्या जहाजांवर स्वतः काम केलेल्या अमेरिकेच्या चार्ल्स डेव्हिस यांनी १९२६ मध्ये हौशी माणसासाठी पुस्तक लिहिलं. कुठला दोर कुठून निघतो आणि कुठे बांधतात, हे खलाशांच्या बोटांत असलेलं ज्ञान त्यांनी कागदावर आणलं. १९४८ मध्ये अमेरिकेत 'नॉटिकल रिसर्च गिल्ड' उभी राहिली. तिच्या नियतकालिकात कुणीतरी अडतो आणि दुसरा कुणीतरी जुनी कागदपत्रं धुंडाळून उत्तर देतो. फ्रान्समध्ये वास्तुविशारद ज्याँ बुद्रिओ यांनी ७४ तोफांच्या जहाजावर चार खंड लिहिले. लाकडाच्या निवडीपासून खलाशांच्या रोजच्या जगण्यापर्यंत सगळं त्यात आहे.

ओहायोच्या हॅरल्ड हान यांची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. जहाजाच्या फासळ्या सुट्या उभ्या केल्या की डगमगतात, आणि तिथेच नवखा हरतो. हान यांनी जहाज उलटं बांधलं. फासळ्यांची वरची टोकं मुद्दाम लांब ठेवायची, खाचा पाडलेल्या सपाट पाटावर ती रोवायची, कणा सगळ्यात वर. सांगाडा पक्का झाला की जादा टोकं कापून टाकायची. ही युक्ती त्यांनी नकाशांसह छापून सगळ्यांना दिली. आज जगभरचे हौशी तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये ऑगस्ट क्रॅबट्री यांच्या १६ नौका आहेत. अंगठ्याच्या नखाएवढं कोरीवकाम बघताना लोक त्यांचं नाव घेतात, पण त्या नौकांमागे त्यांच्या पत्नी विनिफ्रेड यांचेही हात आहेत.

इतकं मोकळेपणाने का देतात ही माणसं? माझ्यापुरतं उत्तर मला दोर बांधताना सापडलं. डोलकाठीवर चढायला खलाशांसाठी दोरांची शिडी असते. तिच्या पायऱ्या खऱ्या जहाजावर साधारण तेरा इंचांवर, माझ्या जहाजावर पाच मिलिमीटरवर. प्रत्येक पायरी जिथे उभा दोर ओलांडते तिथे एक गाठ. तीन डोलकाठ्यांच्या मिळून गाठी हजारांच्या घरात जातात. इतका वेळ एका वस्तूवर घालवलेला माणूस दुसऱ्याचं अर्धवट जहाज बघतो, तेव्हा त्याला किंमत दिसत नाही, स्पर्धाही दिसत नाही. त्याला संध्याकाळी दिसतात, दुखणारी मान दिसते, आणि आपण जिथे अडलो होतो ती जागा दिसते. तिथे गप्प राहणं त्याला जमत नाही. म्हणूनच आम्हा हौशींमध्ये चूक तोंडावर सांगतात आणि सांगणाराच बाह्या सरसावून बसतो.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होड्या आणि गलबतं बांधणाऱ्या सुतारांनी मात्र क्वचितच कागद वापरला. फळीचा बाक नजरेत आणि माप हातात. फायबरच्या बोटी आल्या, मुलं दुसऱ्या कामाला लागली, आणि अनेक घरांतलं ते ज्ञान माणसाबरोबरच गेलं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. याच छंदातले माझे दोघे मित्र आता सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन जुन्या होड्यांची मापं घेतात, म्हाताऱ्या सुतारांकडून प्रत्येक भागाचं नाव विचारून लिहून घेतात. 'ट्रिंकोमाली'चे नकाशे एकदा समुद्रात गेले तरी जहाज झालं. या होड्यांना ते भाग्य मिळावं अशी आमची धडपड आहे.

काका गेल्या आषाढात गेले. त्यांच्या टेबलावर एक छोटं गलबत अर्धं राहिलं होतं. शीड नाही, डाव्या बाजूच्या चार फळ्या नाहीत. काकूंनी मला आणि त्या दोघा मित्रांना बोलावून घेतलं. उरलेल्या फळ्या आम्ही तिघांनी पाळीपाळीने बसवल्या. उजव्या बाजूला नाळेपाशी त्यांची एक फळी किंचित उठलेली होती. शेवटच्या दिवसांत हात थरथरत असणार. एकाने स्पिरिटची बाटली उघडली, मग पुन्हा बंद केली. ती फळी आम्ही तशीच ठेवली.

काकांची मापांची वही आम्ही तिघांनी उतरवून घेतली आहे. मूळ वही काकूंकडे आहे. गेल्या रविवारी एक कॉलेजातला मुलगा आला, पट्ट्या एकमेकींवर चढलेलं जहाज खोक्यात घेऊन. मी माझी वही उघडली आणि ती कागदाची चिंधी बाहेर काढली.