पाण्याच्या बॅटरीची खरी जागा

इन्व्हर्टरच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, कारण चार्जिंगच्या वेळी आतल्या पाण्याचे थोडेथोडे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. पाण्यावर चालणाऱ्या सगळ्याच बॅटऱ्यांची मूळ अडचण हीच आहे. तत्त्वतः १.२३ व्होल्टच्या पुढे पाणी फुटू लागते, प्रत्यक्षात थोडे उशिरा. त्यामुळे जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचा घट जेमतेम १.३ ते १.४ व्होल्ट देतो, तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२च्या आसपास. म्हणजे तेवढीच वीज साठवायला बॅटरी जड होणार. मोटारीत हे चालणार नाही. पण सौर पॅनेलची वीज रात्रीसाठी धरून ठेवणारी बॅटरी जागची हलत नाही, मग वजनाचा एवढा बाऊ कशाला? जस्ताच्या घटातले झिंक सल्फेटचे पाणी पेट घेत नाही, हा गुण तिथे जास्त मोलाचा. जानेवारी २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग येथील लिथियम साठवण केंद्राला आग लागली आणि आसपासचा परिसर रिकामा करावा लागला. तिथले घट निकेल-मँगनीज-कोबाल्टचे होते. आयर्न फॉस्फेटचे घट स्वभावाने शांत असतात हे खरे, पण त्यांच्यातले द्रावणही ज्वालाग्राहीच.

आयुष्याचे काय? चार्ज होताना जस्त सपाट न बसता सुयांसारखे वाढते आणि सुई पलीकडे पोचली की घट शॉर्ट होतो. मँगनीजही पाण्यात विरघळत राहते. त्यावर २०१६मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने साधा उपाय केला: द्रावणात आधीच मँगनीज सल्फेट घातले आणि घट चार्ज-डिस्चार्जची पाच हजार आवर्तने टिकला. मात्र असे आकडे जपून वाचावेत. प्रयोगशाळेत आवर्तने बहुधा भराभर उरकतात. सौरऊर्जेची बॅटरी दिवसातून एकदाच, तासन्‌तास चालते आणि त्या संथपणात जस्त गंजायला भरपूर वेळ मिळतो.

किमतीचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पिट्सबर्गच्या अक्वियॉन कंपनीने सोडियमची खाऱ्या पाण्यातली बॅटरी बाजारात आणली होती; २०१७मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, कारण लिथियम स्वस्त होत गेले. उघड्या माळावरच्या सौर प्रकल्पात जस्ताने लिथियमशी भावाची स्पर्धा करू नये. रुग्णालयाचे तळघर, दाट वस्तीतली इमारत, जिथे आगीचा धोका पत्करताच येत नाही, तिथे जस्ताच्या बॅटरीची मागणी आधी उभी राहील. हायड्रोजन साचू नये म्हणून हवा खेळती मात्र तिथेही ठेवावी लागेल.