शेवटचा शत्रू एवढा का पळतो?

'स्पेस इन्व्हेडर्स' खेळलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त छळतो तो शेवटचा शत्रू. सुरुवातीला पाच रांगांत अकरा-अकरा असे 55 जण रमतगमत खाली सरकत असतात. एकेक टिपत जावं तशी उरलेल्यांची चाल वाढते आणि शेवटी राहिलेला तर पिसाळल्यासारखा धावतो. भाऊबंद मेले म्हणून चिडला असेल, असं वाटतं. कारण मात्र साध्या भागाकाराचं आहे.

1978 साली जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी हा गेम उभा केला, तेव्हा त्यांच्या हाताशी इंटेलचा 8080 प्रोसेसर होता. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने उमटायचा आणि दर खेपेला एकच शत्रू हलायचा. 55 जणांची पाळी फिरून यायला जवळजवळ एक सेकंद लागे. तीस उरले की अर्धा सेकंद. एकटाच उरला की प्रत्येक खेप त्याचीच, म्हणजे सेकंदाला 60 पावलं! यंत्राची ही दमछाक निशिकादोंना दुरुस्त करता आली असती, पण खेळायला मजा येतेय म्हटल्यावर त्यांनी ती तशीच राहू दिली. जिंकत जावं तसा खेळ कठीण होत जाणं आज आपल्याला किती स्वाभाविक वाटतं!

जुन्या आर्केडच्या धाटणीचे छोटे गेम सध्या ढिगाने येतात. एकटादुकटा माणूस घरी बसून ते बनवतो. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, पिपाणीसारखं संगीत, पडद्यावर मुद्दाम ओढलेल्या आडव्या रेघा. हे कातडं पांघरणं फार सोपं आहे. म्हणून असा गेम हातात आला की मी चित्रांकडे नंतर बघतो. आधी शोधतो तो नियम: इतक्या थोड्या सामग्रीत यानं काय काय करून घेतलंय?

या बाबतीत अजूनही 'पॅक-मॅन'च गुरू. तोरू इवातानी यांचा हा 1980चा गेम. चार भुतं आपल्याला घेरतात, कट करून मागे लागतात, असं वाटतं ना? त्यांच्यात कटबिट काही नसतो. लाल भूत तुम्ही उभे असाल त्या घराकडे येतं. गुलाबी तुमच्या तोंडासमोरच्या चौथ्या घरावर नेम धरतं. निळं तुमच्यापुढचं दुसरं घर धरतं, लाल भुतापासून तिथवर रेघ ओढतं आणि ती दुप्पट लांबवून तिच्या टोकाकडे निघतं. नारिंगी आठ घरांपलीकडे असेपर्यंत पाठलाग करतं, जवळ आलं की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतं. बस्स, एवढंच. एक मागून, एक पुढून, एक भलत्याच बाजूनं, एक भित्रं. चौघांना चार ओळींचे नियम दिले आणि खेळणाऱ्याच्या मनात चार स्वभाव तयार झाले. शिवाय गुलाबी भुताच्या हिशेबात एक चूक राहून गेलीय. तुम्ही वर तोंड करून असाल तर ते चार घरं वर आणि चार घरं डावीकडे बघतं. मुरलेले खेळाडू या चुकीचाही फायदा उठवतात. (फोनवरचा अधिकृत 'पॅक-मॅन' चालवण्याचं काम काही वर्षांपूर्वी पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीकडे आलं, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं.)

आता नव्यांपैकी माझा लाडका: 'डाउनवेल', 2015. ओजिरो फुमोतो हा जपानी तरुण ऑपेरा गायन शिकत होता, ते सोडून त्यानं हा गेम केला. पडद्यावर मुख्यतः तीन रंग: काळा, पांढरा, लाल. एक पोरगा खोल विहिरीत पडत जातो आणि त्याच्या बुटांत बंदूक आहे. डावीकडे, उजवीकडे आणि एक बटण, एवढ्याच कळा. जमिनीवर असताना बटण दाबलं तर उडी. हवेत दाबलं तर खाली गोळी सुटते. गोळीनं खालचा शत्रू मरतो, वाटेतला दगड फुटतो आणि गोळीच्या धक्क्यानं पडण्याचा वेगही आवरतो. गोळ्या मोजक्याच. त्या पुन्हा भरतात पाय टेकल्यावर किंवा शत्रूच्या डोक्यावर पाय दिल्यावर. म्हणजे हल्ला, बचाव, वाट काढणं आणि हिशेब ठेवणं हे सगळं एकाच बटणात आलं. फोन उभा धरायचा, एक डाव मिनिटा-दोन मिनिटांत आटपतो. रायपूरच्या गुढियारीत ठोक बाजारातल्या गल्ल्यावर बसून दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात खेळावा, असा हा गेम आहे. गिऱ्हाईक थांबून राहील, हा धोका तेवढा आहे.

जुन्यातलं सगळंच उचलण्याजोगं नव्हतं, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आपल्या पार्लरमध्ये गाजलेला 'मुस्तफा' आठवतो? खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमचा, 1993चा. अशा गेममधले मोठे राक्षस कठीण असत, कारण तुम्ही मेल्याशिवाय पुढचं नाणं पडत नसे. अवघडपणात मालकाचा धंदा मिसळलेला होता. घरी खेळताना नाणं नाही, तरी तसाच छळ करणारे नवे गेम मला नकोसे होतात. 2018चा 'सेलेस्ट' बघा. भयंकर अवघड, पण मनानं उदार. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य होते, कार्टूनमधला कोल्हा खाली बघेपर्यंत हवेत तरंगतो तशी. खेळणाऱ्याला या सवलतीचा पत्ताही लागत नाही. आपलाच हात बसला, असं त्याला वाटतं.

'सेलेस्ट'चं बीज आणखी चिमुकलं होतं. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी ते 'पिको-8' नावाच्या यंत्रावर चार दिवसांत बनवलं. हे यंत्र कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण ते अस्तित्वातच नाही! जोसेफ व्हाइट यांनी कल्पनेनं रचलेला हा जुना कन्सोल फक्त सॉफ्टवेअर म्हणून चालतो. पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, रंग 16, अख्खा गेम 32 केबीत. आणि त्याची कॅसेट म्हणजे एक चित्र असतं, 160 बाय 205 ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याच्या रंगात डोळ्याला कळणार नाही इतका बारीक फरक करून एकेक बाइट लपवलेली असते. गुणाकार करा: 32,800 बाइट. 32 केबी म्हणजे 32,768. गेम चित्रात तंतोतंत मावला. असं चित्र मित्राला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान करताना तो बारीक फरकच पुसला जातो. चित्र पोचेल, गेम पोचणार नाही.

सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच छोटं मूळ 'सेलेस्ट'. तीस खोल्यांचं आहे, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं आणि संगणक जुना असला तरी चालतं.