पाठीवरचा वारा आणि शिडाचा दांडा

अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या गलबताचे चित्र आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेशी ते निगडित आहे. आपल्या पैठणचा माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई, ही नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सापडते. असा वारसा असूनही आपल्या घरांत वाऱ्याविषयी बोलणे क्वचितच होते. आता मात्र ते व्हावयास हवे. मुले-मुली शिक्षणासाठी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड येथे जातात, तेथे शिडाची नौका चालविण्यास शिकतात आणि घरची वडीलधारी मंडळी केवळ लाटांची काळजी करीत बसतात. धोका पुष्कळदा लाटेत नसून डोक्याच्या उंचीवर असतो.

मुख्य शिडाची खालची कड ज्या आडव्या दांड्याला बांधलेली असते, त्यास बूम म्हणतात. त्याचे एक टोक डोलकाठीला बिजागरासारखे जोडलेले, दुसरे मोकळे. वारा पाठीमागून असला की शीड पूर्ण उघडावे लागते आणि हा दांडा नौकेच्या एका बाजूस पाण्यावर पसरतो. नौका थोडी अधिक वळली किंवा वाऱ्याने दिशा बदलली, तर वारा शिडाच्या मागच्या कडेतून पलीकडे शिरतो आणि दांडा क्षणार्धात दुसऱ्या बाजूला आदळतो. यालाच अकस्मात झालेला ‘जाइब’ म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनी-होबार्ट शर्यतीत एकाच रात्री दोन निरनिराळ्या नौकांवरील दोन खलाशी दांड्याच्या किंवा तो आवरणाऱ्या दोराच्या तडाख्याने मृत्यू पावले.

पाठीवरचा वारा फसवा असतो, याचे साधे गणित आहे. वारा २० नॉट आणि नौकेचा वेग ७ नॉट असेल, तर अंगाला १३ नॉटच जाणवतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे प्रत्यक्ष वाऱ्याचा जोर जाणवणाऱ्याच्या दुपटीहून अधिक. नौका वळताच तो सगळा एकदम अंगावर येतो. म्हणून शीड आखडते घ्यावयाचे ते वारा सुखाचा वाटत असतानाच. (बँकेत असताना मीही हेच पाहिले, थकीत झालेली बहुतेक कर्जे तेजीच्या दिवसांत मंजूर झालेली असत.)

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय सुकाणूवरचा. वारा अगदी पाठीशी न घेता किंचित तिरका घ्यावा. अंतर थोडे वाढते, पण दांडा स्थिर राहतो. पुढचे लहान शीड मुख्य शिडाच्या आडोशाला जाऊन लुळे पडू लागले, तर नौका धोक्याच्या रेषेवर आली असे समजावे. दुसरा उपाय ‘प्रिव्हेंटर’ नावाच्या दोराचा. हा दोर दांड्याच्या मोकळ्या टोकाला बांधून नाळेजवळच्या कप्पीतून फिरवून मागे सुकाणूपाशी आणतात. तो दांड्याच्या मध्यावर बांधू नये. ताण आल्यास दांडाच मोडतो. दांडा वर उचलला जाऊ नये म्हणून त्याला खाली खेचणारा दोरही ताणलेला असावा.

बाजू जाणूनबुजून बदलावयाची असेल, तर आधी सर्वांना सांगावे, सर्वांची डोकी खाली आहेत याची खात्री करावी, प्रिव्हेंटर सोडावा, दोर ओढून दांडा नौकेच्या मध्यावर आणावा, मग सावकाश वळावे आणि दोर हळूहळू सैल सोडावा. सर्वात जास्त अपघात घाईमुळे होतात, असे माझे मत आहे. आपल्या कोकणच्या जुन्या गलबतांना बहुधा खालचा दांडाच नसे. शीड वरच्या परबाणाला बांधलेले असे आणि बाजू बदलताना ते डोलकाठीच्या पुढून फिरवावे लागे. कष्टाचे काम, पण डोक्यावरून काही फिरत नसे.

पाठीवरच्या वाऱ्याची खरी परीक्षा दक्षिण महासागरात होते, कारण तेथे पश्चिमेचे वारे अखंड वाहतात. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ नौकेने एकटेच निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. ही सुमारे ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. पुढे तिच्याच धर्तीवर तेथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली. अशा नौकेवर एकटा माणूस झोपतो तेव्हा सुकाणू यंत्राच्या हाती असते आणि दांडा दोराच्या भरवशावर.

मुलगा किंवा मुलगी नौकेवर जाणार असेल, तर विचारावे: प्रिव्हेंटर बांधतोस का, आणि तो बसल्या जागेवरून सोडता येतो का? दांड्याचे टोक लाटेत बुडाले, तर तो तत्काळ सोडावा लागतो. त्यासाठी कोणाला पुढे नाळेपर्यंत धावावे लागणार असेल, तर दोर चुकीचा बांधला आहे.