सॉफ्टवेअर स्वदेशी झाले, फाइलींचे काय?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहोचे ऑफिस सूट वापरायला सांगितले, पाठोपाठ गृहमंत्र्यांनी आपला ईमेलही तिकडे हलवला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये समाजमाध्यमांवर स्वदेशीचा जयजयकार झाला. झोहो कर्तबगार कंपनी आहे, यात वाद नाही. पण सगळी चर्चा कंपनीच्या गावाभोवती फिरत राहिली. सॉफ्टवेअर आज आहे, उद्या बदलेल. जमिनीचा आदेश किंवा निविदेची कागदपत्रे मात्र तीस-चाळीस वर्षांनीही उघडावी लागतात, आणि ती उघडतील की नाही हे फाइल कोणत्या साच्यात साठवली यावर ठरते.

या साच्यांवरून जगात चांगलीच हाणामारी झालेली आहे. ओडीएफ हा खुला साचा २००६ साली आयएसओ मानक झाला. मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल पुढे केला, तो सुमारे सहा हजार पानांचा. २००७च्या मतदानात भारताने त्याच्या विरोधात मत दिले. तरी २००८ साली तोही मानक झालाच. त्याच्या मूळ मसुद्यात ‘ऑटोस्पेस लाइक वर्ड ९५’ अशी एक खूण होती. म्हणजे अक्षरांमधली जागा १९९५चे वर्ड सोडत असे तशी सोडायची. ती कशी, हे मसुद्यात नव्हते! पुढे आयएसओने असा जुना पसारा ‘संक्रमणकालीन’ विभागात ढकलला. गंमत अशी की वर्ड आजही आपली डॉक्स फाइल, म्हणजे ओओएक्सएमएलच, वेगळे सांगितले नाही तर त्याच प्रकारात साठवते. ‘डॉक्स सगळीकडे उघडते, मग अडचण काय?’ असे विचारणाऱ्यांनी तक्ते आणि तळटीपा असलेली शंभर पानी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. उघडते, पण पाने सरकतात. आणि सरकारी कामात पान क्रमांकालाही किंमत असते. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली तीस हजार संगणकांवर लिबरऑफिस हे खुले ऑफिस सूट आणायचे ठरवले, तेव्हा ओडीएफचाही आग्रह धरला. स्वदेशीच्या उत्साहात आपण नेमके हेच विसरलो.

मराठीत तर दुखणे आणखी खोल आहे. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१पासून आहे, पण आपली कार्यालये आणि छापखाने पुढची कित्येक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर चालले. त्या फाइलींत पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसते, पोटात मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. फॉन्ट गेला की मजकुराचा चिखल. शोध चालत नाही, वर्णानुक्रम लागत नाही, अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर भलतेच बरळते. पीडीएफ केल्याने सुटका होत नाही, कारण ती चित्र जपते, मजकूर जपेलच असे नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे रूपांतरक आहेत, हे खरे, आणि साध्या मजकुरावर ते बरे चालतात. पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत ते अडखळतात. मधेच इंग्रजी शब्द किंवा सर्व्हे क्रमांक आला की त्याचेही देवनागरीकरण करून मोकळे होतात. म्हणजे मूळ प्रत शेजारी ठेवून कोणीतरी ओळ न् ओळ तपासायला हवी. त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा हे आधी ठरू दे; सूट चेन्नईच्या झोहोचे की रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टचे, ते नंतर पाहू.