जोर जास्त, तरी खप का घटला?

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाताना पूर्वी राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स 100 अशा फटफट्या हमखास दिसत. मागे निळसर धुराचा पट्टा असे. आज त्या क्वचितच दिसतात. असे का झाले?

आरएक्स 100 आणि हीरो होंडा सीडी 100 या दोन्ही गाड्या भारतात 1985 मध्ये आल्या. इंजिनांचे आकारमान जवळजवळ सारखे. पण पहिलीची शक्ती सुमारे 11 अश्वशक्ती, तर दुसरीची सुमारे 7. पहिलीच्या टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या दर फेऱ्याला ज्वलन होते. दुसरीच्या फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा.

मग शक्ती दुप्पट का नाही? एक कारण असे, की टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर ढकलण्याचे काम पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रणच करते. त्यातले काही न जळताच निसटते. शिवाय वंगणतेलही पेट्रोलबरोबर जळते. निळा धूर त्याचाच. म्हणजे खिशाला चाट आणि फुप्फुसांनाही त्रास.

पेट्रोल महागले, 1996 आणि 2000 मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि फोर-स्ट्रोक गाड्यांची सरशी झाली. अमेरिकेतही 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा आणि 1973 चे तेलसंकट यांनंतर दणकट इंजिनांच्या 'मसल कार' अशाच मागे पडल्या.

वर्गात विचारून पाहू या : चांगले इंजिन कोणते? जास्त जोराचे, की थेंबाथेंबाचा हिशोब देणारे?