उलटे आटे

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या चाकाविषयी लिहावे, हे पाहून आमच्या महाविद्यालयातली मंडळी हसतील. हसोत बापडी! जन्मभर वृत्तांच्या मात्रा मोजणाऱ्या मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत इंचाचा हजारावा भाग मोजावा लागला, त्याची ही हकीगत.

माझे मामा ऑक्सफर्डला असतात. १९६८ साली इंजिनिअर म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. आज वय ब्याऐंशी. मामी गेल्यापासून घरात दोघेच : मामा आणि त्यांची १९६७ सालची तांबडी एम. जी. मिजेट. दोन माणसांपुरती, बुटकी, टपाची कापडी घडी पडणारी ही मोटार. ‘एम. जी.’ ही अक्षरे ऑक्सफर्डच्याच मॉरिस गॅरेजेसची. कारखाना मात्र जवळच्या ॲबिंग्डन गावी. मिजेट १९६१ साली निघाली, १९७९ साली बंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्या कारखान्यालाही टाळे लागले.

मी पोचलो त्याच संध्याकाळी मामा म्हणाले, “गाडी विकतोय. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी तुला एक चक्कर मारून आणतो.”

चक्कर छान झाली. पण मागून एक घरघर येत होती. वेग वाढला की वाढे, उजवे वळण आले की दुप्पट होई. मामा मात्र निवांत. मी भीत भीत विचारले, “मामा, हा आवाज कसला?”

“कसला आवाज?”

मी गप्प झालो. नुसत्या कानाने इंजिनाचे दुखणे ओळखणारा हा माणूस! लहानपणी आमच्या घराचा पंखा त्यांनी दारातूनच ऐकून दुरुस्त केला होता. त्यांना आज हे ऐकू येत नव्हते. सांगावे तर त्यांच्या वर्मावर बोट, न सांगावे तर परक्याच्या गळ्यात धोका. रात्रभर तळमळलो आणि सकाळी सांगून टाकले.

ते काही बोलले नाहीत. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून त्यांनी मागचे डावे चाक जॅकवर उचलवले, गाडी भक्कम घोड्यावर टेकवायला लावली. “आता चाक फिरव,” म्हणाले, आणि स्वतः आत हात घालून कमानपाट्यावर तळवा ठेवून बसले. अर्ध्या मिनिटाने उठले. “बेअरिंग गेलंय. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तिथं जास्त ओरडतं. तुझं बरोबर आहे.” कानाने दगा दिला, पण तळवा अजून इमानी होता.

सुटे भाग टपालाने मागवले. या गाडीचे ते आजही मिळतात. शनिवारी काम काढले. हात माझे, अक्कल मामांची. चाक काढले, ब्रेकचा ड्रम काढला. आतली धूळ मी फुंकणार तोच मामा ओरडले, “फुंकू नकोस! जुन्या ब्रेकांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पूस.” मग चाकाला फिरवणारा दांडा बाहेर ओढला. माझी समजूत अशी की, गाडीचे वजन या दांड्यावर असते. मामा म्हणाले, “तो नुसता फिरवतो. ओझं वाहतं ते बेअरिंग. कधी कुणाला दिसत नाही.”

पुढे आला अष्टकोनी नट. त्याच्या वायसरची मुडपलेली कड सरळ केली, लांब पाना लावला आणि जीव खाऊन जोर केला. नट हलेना. घाम फुटला. मामा शांतपणे म्हणाले, “प्राध्यापक, तुम्ही घट्ट करताय. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चाक फिरता फिरता नट सुटू नये म्हणून.” उलट दिशेने जोर करताच नट कुरकुरत सुटला.

पुलर लावून हब ओढला, जुने बेअरिंग ठोकून काढले. बोटाने फिरवले तर वाळू भरल्यासारखे खरखरले. ग्रीस भरून नवे बेअरिंग आणि नवे तेलाचे सील बसवले. मग आले हजारांशाचे गणित. कागदी वायसर लावल्यावरही बेअरिंगची बाजू हबच्या कडेपुढे एक ते चार हजारांश इंच आली पाहिजे, तरच दांड्याची चकती ते घट्ट दाबून धरते. नाहीतर बेअरिंग आत सैल राहून हब झिजतो. मामांना पातळ पट्टीवरचे आकडे दिसेनात. “तू मोज,” म्हणाले. मी तीनदा मोजले. तीन हजारांश.

संध्याकाळी पुन्हा चक्कर. उजवे वळण आले. मामांनी विचारले, “येतो आवाज?”

“नाही.”

“मला कालही येत नव्हता,” ते म्हणाले. थोडे पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि उतरून पलीकडच्या बाजूला आले. “तू चालव. ज्याला ऐकू येत नाही, त्यानं चालवू नये. गाडी विकायची ठरवली तेव्हा कारण सापडत नव्हतं, आज सापडलं.” मामी नेहमी बसायची त्या जागी ते बसले.

रविवारी गिऱ्हाईक आले. तरुण मुलगी होती. मामांनी जुने बेअरिंग तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “डावं नवं आहे, उजवं जुनं. तेही केव्हातरी बदलावं लागेल. त्याचे आटे मात्र सुलटे आहेत.”

तिने पैशांची घासाघीस केली नाही. मामांनीही केली नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मामा फाटकाच्या लोखंडी दांडीवर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभे होते.